गावात घडते ते गावात दिसावे

१९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके विलायतेस निघाले तेव्हा प्रवासखर्चासाठी त्यांनी आपली आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती. आणि कॅमेरा घेऊन परत आल्यावरही जमाखर्चाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने पुढे केले, आणि अशा तारणांवर उभ्या राहिलेल्या रकमेतून ‘राजा हरिश्चंद्र’ सिद्ध होऊन ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांसमोर आला. ही हकीकत आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे आणि ती सांगताना आपला ऊर भरून येतो. परंतु त्यानंतर शंभर वर्षे उलटून गेल्यावर, २०१५ साली, धनगराच्या बिऱ्हाडावरचा ‘ख्वाडा’ हा चित्रपट पडद्यावर आला, राष्ट्रीय पुरस्कारांत त्याची दखल घेतली गेली, आणि त्याच सुमारास हेही सर्वत्र छापून आले, की तो पुरा करण्यासाठी दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांना घरची जमीन विकावी लागली होती. शेतकऱ्याच्या घरात जमीन विकणे म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फाळक्यांच्या काळी हा व्यवसाय अस्तित्वातच नव्हता, त्यास कर्ज देणारी पेढी नव्हती, त्याची कदर करणारे सरकार नव्हते. आज अकादम्या आहेत, महामंडळे आहेत, महोत्सव आहेत, अनुदानाची नियमावली आहे. आणि इतके सर्व असूनही खेड्यातील तरुणाची पहिली कलाकृती घरातल्या शेवटच्या आधारावरच उभी राहते, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, तिची आपल्याला चिंता वाटत नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

चित्रकला आणि चित्रपट या दोहोंचा विचार मी येथे जोडून करीत आहे, कारण महाराष्ट्रात ती दोन्ही एकाच घरात वाढली. फाळके हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगविणारे चित्रकार आणि शिल्पकार. कॅमेरा हवा झाला तेव्हा तो त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह कोल्हापुरातच घडविला, आणि त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांनी दिलेल्या भांडवलावर व छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने. पुढे १९२५ साली याच कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावून शहरातल्या गिरणीची वाट धरणारा शेतकरी त्यात तरुण शांताराम वणकुद्रे यांनी उभा केला. भारतीय चित्रपटात वास्तवाचे दर्शन प्रथम कोठे घडले असे कोणी विचारले तर बोट या मूकपटाकडे दाखवावे लागते, आणि तो मुंबईत निर्माण झालेला नाही. एका संस्थानी गावातल्या गायिकेने, आपल्याच गावातल्या चित्रकाराच्या हातचा चित्रपट अजून कोणी पाहिलेला नसताना, त्याच्यावर विश्वास टाकून पैसे दिले, ही या हकीकतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब आहे. कारण पुरस्कार मिळाल्यावर सत्कार करणारे हात पुष्कळ असतात, पुरस्काराआधी थैली मोकळी करणारा एखादाच निघतो.

सातारा जिल्ह्यातील औंधाचे उदाहरण तर आणखी विलक्षण आहे. स्वतः चित्रकार असलेले तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपल्या चिमुकल्या राजधानीत, यमाईच्या डोंगरावर, चित्रसंग्रहालय खुले केले. राजा रविवर्म्याची चित्रे त्यात आहेत, महाराष्ट्रातील चित्रकारांची आहेत, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता व मूल हे पाषाणशिल्पही आहे. आज ज्यास आपण समकालीन कला म्हणतो ती एका काळी या मुलुखात एस.टी.च्या फाट्यापासून चालत जाऊन पाहता येईल इतकी जवळ आणून ठेवलेली होती. खेड्यातल्या माणसाला ती कळणार नाही, हा आक्षेप त्या राजाने मानला नाही. तो आपण का मानतो, याचे उत्तर मला कोठे सापडलेले नाही.

गुणांची वाण आहे, असे तर कोणी म्हणू शकणार नाही. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी नगरच्या महाविद्यालयात जनसंज्ञापनाचा अभ्यास करीत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यातूनच ‘फँड्री’ या चित्रपटाचा मार्ग खुला झाला. बार्शीच्या विनोद कांबळे यांचा ‘कस्तुरी’, सफाईकाम व शवविच्छेदनाच्या खोलीत हातभार लावणाऱ्या आणि अंगाला चिकटलेल्या वासाने व्याकुळ झालेल्या मुलाची कथा सांगणारा, २०१९ सालचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला. रोहन परशुराम कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ हा खेड्यात दहा दिवसांच्या सुतकात घडणारा, अतिशय संयत असा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. चित्रकलेकडे वळावे, तर चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या कोळशाच्या खाणीशेजारच्या गावात वाढलेले प्रभाकर पाचपुते हे खैरागढ व बडोदे येथे शिकून, कोळशानेच भिंतींवर प्रचंड चित्रे रेखाटून खाणीत गेलेल्या जमिनीची आणि त्या जमिनीखाली गेलेल्या माणसांची गोष्ट सांगत आले आहेत. २०२१ साली वेल्समधील आर्टेस मुंडी हा सन्मान ज्या कलावंतांना विभागून देण्यात आला त्यांत ते होते. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांना दर वर्षी लाखोंच्या संख्येने मुले बसतात, त्यांतील कितीतरी जिल्हा परिषदेच्या व आश्रमशाळांच्या बाकांवरची असतात. कंपासपेटी आणि पोस्टर कलरच्या बाटल्या सांभाळीत दुसऱ्या गावच्या केंद्रावर पहाटे निघालेली ती मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या मुलखातील चित्रकलेच्या भुकेविषयी शंका राहणार नाही. मात्र परीक्षेचे प्रमाणपत्र हाती आल्यावर त्या मुलाने पुढे जिवंत चित्र पाहायचे कोठे, याची तजवीज ज्या राज्याने परीक्षेची एवढी उत्तम व्यवस्था केली त्याने केलेली नाही.

यात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे आणि तो नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. ग्रामीण कलावंत म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे परंपरा उभी राहते. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकापुरती मर्यादित असलेली वारली चित्रकला कागदावर आणली, भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने त्यांच्यातील तेज ओळखले, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि पुढे पद्मश्रीही त्यांस मिळाली, हे सर्व यथायोग्यच झाले. पण त्याच मुलखातल्या एखाद्या तरुणाने उद्या मोबाइलवर टिपलेल्या दृश्यांतून, धरणाच्या गाळातून, उखडलेल्या रुळांतून आपल्या आजच्या जगण्याविषयी काही मांडावयाचे ठरविले, तर त्याचा अर्ज कोणत्या दफ्तरात जाईल? कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात नफ्याचा दोन टक्के हिस्सा सामाजिक कार्यासाठी कोठे खर्च करावा त्याची यादी आहे. तिच्यातील एका कलमात राष्ट्रीय वारसा, कला व संस्कृती यांचे जतन आहे, सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना आहे, पारंपरिक कला व हस्तव्यवसायांचे संवर्धन आहे. नव्या, अजून रूप न घेतलेल्या कलेचे नाव त्यात स्वतंत्रपणे नाही. शहरातल्या कलावंताला प्रयोग करण्याचा हक्क आपण गृहीत धरतो आणि खेड्यातल्या कलावंताकडून मात्र वारशाच्या पुनरुक्तीची अपेक्षा बाळगतो. त्याने आजचे काही बोलायचे म्हटले की त्यास मुंबई-पुण्याला बिऱ्हाड हलवावे लागते, आणि बिऱ्हाड हलले की ज्या मातीतून तो बोलत होता तिच्याशी त्याचा रोजचा व्यवहार तुटतो.

सरकार काहीच करीत नाही, असे म्हणणे सत्याला सोडून होईल. दर्जेदार मराठी चित्रपटांसाठी राज्याची अर्थसाहाय्य योजना आहे, तज्ज्ञांची समिती चित्रपट पाहून गुण देते आणि वरच्या दर्जाच्या चित्रपटास ४० लाख, त्याखालच्यास ३० लाख रुपये मिळतात. कित्येक निर्माते या रकमेमुळेच दुसरा चित्रपट करू शकले. परंतु ही रक्कम मिळते ती चित्रपट पुरा झाल्यावर, सेन्सॉरचे प्रमाणपत्र हाती आल्यावर, कागदपत्रांची छाननी झाल्यावर. ज्यास पहिल्या दिवसाच्या चित्रीकरणासाठी कॅमेरा भाड्याने घ्यावयाचा आहे, दहा माणसांच्या जेवणाची आणि जनरेटरच्या डिझेलची भ्रांत आहे, त्यास या योजनेचा आधार म्हणजे फार तर सावकारापुढे दाखविण्याचे आश्वासन. जमीन विकली जाते ती याच मधल्या मुदतीत.

उलट टोकाची चूकही या देशात होऊन गेली आहे. केंद्र सरकारने १९६० साली चित्रपटांना कर्ज देण्यासाठी फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन स्थापन केले, त्याने त्या दशकाच्या अखेरीस ‘भुवन शोम’सारख्या अल्पखर्ची चित्रपटांना आणि नवख्या दिग्दर्शकांना हात दिला, आणि भारतीय चित्रपटाला नवे वळण लागले. पण निर्मितीस पैसा देऊन प्रदर्शनाची सोय न केल्यामुळे त्यांतील कित्येक चित्रपट डब्यांतच पडून राहिले, कर्जे थकली, आणि असे चित्रपट लोकांना नकोच असतात, असा निष्कर्ष काढावयास टीकाकार मोकळे झाले. लोकांपुढे जे आलेच नाही त्याविषयी लोकांचे मत काय, हे ठरविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला होता?

म्हणून माझ्या मते या प्रश्नाचा गाभा प्रदर्शनात आहे. एके काळी खेड्यापाड्यांत चित्रपट पोहोचत होता तो तंबूतून. जत्रेच्या मैदानात लॉरी येऊन उभी राही, तिच्या पाठीत बसविलेल्या यंत्राचा झोत कनातीच्या भोकातून पडद्यावर पडे, भोंग्यावरून दिवसभर पुकारा चाले, आत बायकांची बाजू निराळी असे आणि कनातीखालून घुसणाऱ्या पोरांना हुसकावण्यासाठी एक माणूस काठी घेऊन फिरत असे. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातील अशा फिरत्या टॉकीजची अखेरची वर्षे चित्रित करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याचा विशेष उल्लेख झाला. तंबू गेले, तालुक्याची एकपडदा चित्रगृहे बंद पडून त्यांच्या जागी मंगल कार्यालये व व्यापारी संकुले झाली, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचे बहुपडदा चित्रगृह खेड्यातल्या माणसाला भाड्यानेही परवडत नाही व तिकिटानेही. मोठ्या शहरांतसुद्धा स्वतंत्र चित्रपटाला आठवड्याला दोन-चार खेळ, तेही भलत्या वेळी मिळतात, आणि पुढल्या शुक्रवारी तो उतरतो. परिणामी असे घडते की, चित्रपट खेड्यात चित्रित होतो, खेड्यातल्या माणसांनी तो अभिनीत केलेला असतो, बर्लिन-व्हेनिसच्या प्रेक्षकांनी तो पाहिलेला असतो. ज्या वस्तीत तो घडला त्या वस्तीने मात्र त्याची बातमीच तेवढी वाचलेली असते.

अशा वस्तीत चित्रपट परत आला म्हणजे काय होते, ते मी एका तालुक्याच्या गावी पाहिले आहे. मंगल कार्यालयाच्या खिडक्यांना सतरंज्या लावून काळोख केलेला, फरशीमुळे आवाज घुमत होता, आणि विशीतल्या एका दिग्दर्शकाचा दुष्काळावरचा लघुपट सुमारे दोनशे माणसे पाहत होती. खेळ संपल्यावर प्रश्न विचारा म्हटल्यावर बराच वेळ कोणी बोलेना, मग मागच्या रांगेतील एक गृहस्थ उठून म्हणाले, “सगळं बरोबर आहे, पण तुम्ही मोटार दुपारी चालू दाखवली. आमच्याकडं शेतीची लाइट रात्री येते. रात्रीचं पाणी धरायला जाणं दाखवलं असतं तर बाई घरात का जागी आहे ते आपोआप कळलं असतं.” दिग्दर्शकाने ते लिहून घेतले. माझ्या समजुतीप्रमाणे त्या लघुपटावर झालेली ती सर्वांत नेमकी समीक्षा होती. ती वर्तमानपत्रात कोणी लिहिली नसती, कारण शेतीची वीज रात्री येते हे चित्रपटाच्या रचनेच्या संदर्भात कोणा समीक्षकाला सुचणे कठीण. त्यानंतर तास-दीड तास चर्चा चालली, आणि तिच्यात कोणी कोणाचा मान राखण्यासाठी बोलत नव्हते.

चित्रकाराची अडचण याहून वेगळी असली तरी तिचे मूळ तेच. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळावी म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ती मिळाली की चौकटी, वाहतूक, आठवडाभराचा मुक्काम, पत्रिका, असा खर्च अंगावर पडतो, आणि कॅनव्हासची गुंडाळी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात घालून रेल्वेच्या सर्वसाधारण डब्यातून निघालेला मुलगा सात दिवसांनी बहुधा तीच गुंडाळी घेऊन परततो. ज्यांना त्याच्या चित्रांतील ओढा, बाभूळ, ऊसतोडीची कोपी ओळखू आली असती त्यांच्यापुढे ती कधीच टांगली जात नाहीत. सुधीर पटवर्धन यांनी २००८-०९ मध्ये समकालीन भारतीय चित्रकारांची मूळ चित्रे नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर आदी शहरांत नेऊन प्रदर्शने भरविली होती, स्वतः उभे राहून लोकांशी ते बोलले होते. थोर चित्रकाराने आपल्या कामाचा वेळ खर्ची घालून केलेला तो उपक्रम एकदाच होऊन थांबावा, त्यास कायमची व्यवस्था मिळू नये, ही आपली हानी आहे; आणि जिल्ह्याच्या शहरांखाली तालुक्यापर्यंत तर ती वाट अजून उतरलेलीच नाही.

शेजारच्या कर्नाटकात हे घडून दाखविले गेले आहे. शिमोगा जिल्ह्यातील सागर तालुक्यात, सुपारीच्या बागांत वसलेल्या हेग्गोडू नावाच्या लहानशा खेड्यात १९४९ साली नीनासम ही नाट्यसंस्था सुरू झाली, के. व्ही. सुब्बण्णा यांनी तेथे १९७३ साली चित्रपट मंडळ काढले आणि सत्यजित राय, कुरोसावा, डी सिका यांचे चित्रपट बागाईतदारांना, शेतमजुरांना, शाळामास्तरांना कन्नडातून समजावून देत दाखविले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तेथे रसास्वादाचे वर्ग घेत, आणि पुण्याच्याच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर चित्रपटांच्या प्रती तिकडे धाडीत. म्हणजे शिक्षक आपल्या पुण्याचा, डबे आपल्या पुण्याचे, आणि ते पोहोचले शिमोग्याच्या खेड्यात! सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगाला हेग्गोडूचे नाव कळले. पण त्यापूर्वीच तेथील प्रेक्षकांची एक पिढी ‘पथेर पांचाली’विषयी आपल्या ओसरीवर वाद घालीत मोठी झाली होती. सुब्बण्णांकडे राजाश्रय नव्हता. चिकाटी होती, आणि रोज उघडणारी एक इमारत होती.

तशी रोज उघडणारी इमारत महाराष्ट्राच्या जवळजवळ प्रत्येक तालुक्यात आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना शासनमान्यता व वर्गवारीनुसार वार्षिक अनुदान देण्याची पद्धत घालून दिली; अ, ब, क, ड अशी ती वर्गवारी आहे, तपासणी आहे, हिशेबाची शिस्त आहे, स्थानिक कार्यकारी मंडळ आहे. अनेक वाचनालयांच्या व्याख्यानमाला पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत, म्हणजे सायंकाळी माणसे एकत्र बसवून त्यांना काही ऐकविण्याचा सराव तेथे मुरलेला आहे. माझी सूचना एवढीच, की तालुक्याच्या अ वर्ग वाचनालयांपासून आरंभ करून त्यांच्या अनुदानात चित्र आणि चित्रपट या दोन बाबींची भर घालावी: प्रक्षेपणयंत्र, बरा पडदा, बरा ध्वनी आणि काळोख करता येईल अशी एक खोली, त्याच खोलीच्या भिंतींवर दोन महिने टिकेल असे एका नव्या चित्रकाराचे प्रदर्शन, महिन्याला एक स्वतंत्र चित्रपट, आणि वर्षातून निदान तीनदा दिग्दर्शक किंवा चित्रकार स्वतः हजर. दाखविलेल्या प्रत्येक खेळाचे मानधन निर्मात्यास मिळावे. दोन-तीनशे वाचनालयांत फिरलेला चित्रपट अशा लहान लहान मानधनांतून बरीचशी वसुली करू शकेल. सार्वजनिक खेळासाठी कचेरीचे दर वेळी निराळे परवाने मागण्याऐवजी या वाचनालयांना वर्षाची एकच परवानगी असावी. राज्याच्या हौशी नाट्यस्पर्धेने सहा दशकांहून अधिक काळ सांगली, जळगाव, रत्नागिरी, नागपूर येथील केंद्रांवर हेच केले: रंगमंच गावाजवळ नेला, प्रयोगाच्या खर्चास हातभार लावला, आणि त्यातून मराठी रंगभूमीला माणसे मिळत राहिली.

पैशाचे म्हणाल तर महाराष्ट्राच्या ग्रामीण भागास सहकाराचा जो अनुभव आहे तो देशात दुसऱ्या कोणास क्वचितच असेल. प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला त्याला पाऊणशे वर्षे होत आली. सहकाराने साखर केली, दूध केले, अभियांत्रिकी महाविद्यालये काढली, दवाखाने काढले. गुजरातेतील दूध उत्पादकांनी १९७६ साली आणखी एक गोष्ट केली: पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ निर्माण झाला. आपण काढलेला चित्रपट पाहावयास ती मंडळी ट्रक भरभरून शहरात आली. आणि २०२४ साली त्याच चित्रपटाची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात दाखविली गेली. आपल्याकडे एखाद्या कारखान्याने हंगामात पाच लाख टन गाळप केले आणि सभासदांनी सर्वसाधारण सभेत, कोणताही आग्रह न होता, टनामागे एक रुपया देण्याचे ठरविले, तर पाच लाख रुपये जमतात. तेवढ्यात तालुक्याच्या एका चित्रगृहखोलीचा वर्षाचा खर्च भागेल आणि एका लघुपटास आगाऊ रक्कमही देता येईल. ऊसबिलातून होणाऱ्या नाना कपातींना शेतकरी आधीच विटलेला आहे, हे मी जाणतो. म्हणून ही कपात म्हणून नको, वर्गणी म्हणून हवी, आणि न देणाऱ्याचे नाव फलकावर लागता कामा नये.

येथे एका भयाचा उल्लेख केल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. खेड्यातला खरा कलावंत खेड्याविषयी गोड बोलेलच असे नाही. ‘फँड्री’तील मुलाने अखेरीस जो दगड भिरकावला तो गावाच्याच दिशेने होता, ‘सावकारी पाश’ ज्या काळात निघाला त्या काळात सावकार ही गावातली प्रतिष्ठित असामी होती. जात, जमीन, पाणी, बाई यांविषयी गावात जे बोलले जात नाही तेच नवा दिग्दर्शक बोलू पाहतो, आणि मग अध्यक्षांचा निरोप येतो, सरपंचांचा चेहरा बदलतो, खोलीची किल्ली सापडेनाशी होते. ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांच्याच तिजोरीतून पैसा आला तर तो बोलण्याचा कणा मोडतो, हे कलेच्या इतिहासात पुनःपुन्हा दिसलेले आहे. यास्तव वर्गणी गावातून जमावी, पण कोणास किती द्यावे हा निर्णय त्या तालुक्याबाहेरील चित्रकार, दिग्दर्शक, शिक्षक यांच्या लहान मंडळाकडे असावा, त्या मंडळाची मुदत दोन वर्षांपलीकडे नसावी, आणि त्याचे निर्णय कारणांसह वाचनालयाच्या फलकावर लागावेत. राज्याच्या योजनेतही हाच पालट हवा: पहिल्या चित्रपटासाठी ठरलेल्या साहाय्याचा एक भाग संहिता मंजूर होताच, विनातारण, हप्त्यांनी मिळावा, म्हणजे सातबारा उताऱ्यावर हात पडण्याची वेळ येणार नाही. ज्या गावात चित्रीकरण झाले त्या गावात पहिला खेळ विनामूल्य व्हावा, एवढी एक अट त्या साहाय्यास जोडावी. चित्रपटात काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याविषयी मात्र एकही अट जोडू नये.